गोधडी-क्विल्ट, ६० × ८७ : कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर : मापं

एकेरी पलंगाचं पांघरूण. तयार माप ६० × ८७ इंच. वरचा थर नव्या सुती कापडाच्या चौकटींचा, अस्तर जुन्या सुती साड्यांचं, मध्ये भरण. डिसेंबर संपायच्या आत अंगावर घेता आलं पाहिजे, कारण नागपुरात खरी थंडी दीड-दोन महिनेच असते.

चौकट तयार ९ इंच. आडव्या ६, उभ्या ९, एकूण ५४. त्यातल्या २७ नऊघरी (तीन-तीन घरांच्या तीन ओळी) आणि २७ सलग (एकाच तुकड्याच्या), बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक. ५४ × ८१ झालं की चारी बाजूंना तयार ३ इंचांची पट्टी.

नऊघरीचं घर तयार ३ इंच, म्हणजे कापताना साडेतीन. २४३ घरं सुटी कापून जोडायची नाहीत. त्यात वेळ जातो आणि प्रत्येक घर वेगळं भरतं. साडेतीन इंची लांब पट्ट्या तीन-तीन जोडून पट्टा करायचा आणि तो पट्टा पुन्हा साडेतीन इंचांवर आडवा कापायचा. गडद-फिका-गडद असे ५४ तुकडे लागतात, फिका-गडद-फिका असे २७. ४४ इंच पन्ह्यातून किनार आणि आटणं वजा जाता ४२ इंच हाती राहतात. त्यात कागदावर १२ तुकडे बसतात, पण टोकं सरळ करताना थोडं जातंच, म्हणून ११ धरले. पहिल्या प्रकारचे ५ पट्टे, दुसऱ्याचे ३. गडद पट्ट्या १३, फिक्या ११.

खरेदी: गडद दीड मीटर, फिकं सव्वा मीटर, सलग चौकटींचं २ मीटर (एका पन्ह्यात साडेनऊ इंचांच्या ४ चौकटी, म्हणून ७ ओळी), कडेच्या पट्टीला १ मीटर, गोटाला (शेवटी कड झाकणाऱ्या पट्टीला) पाऊण मीटर.

१५ सप्टेंबर : गांधीबाग

गांधीबागेतल्या होलसेल दुकानांत ठाण उलगडून दाखवतात, तेव्हा तीन गोष्टी तिथेच बघून घ्याव्यात. एक, कापडाच्या कोपऱ्यावर नख घासलं की पांढरी पूड पडते का. पडली तर वजन खळीचं आहे, पहिल्या धुण्यात कापड विरविरीत होणार. दोन, एक उभा आणि एक आडवा धागा काढून दुकानाबाहेर काडीवर जाळायचा. सूत कागदासारखं जळतं आणि चुरगळता येणारी राख राहते. पॉलिएस्टरची मिसळ असेल तर टोकाला टणक मणी जमतो. २×२ रुबिया म्हणून मिळणाऱ्या कापडात ही मिसळ आता सर्रास असते, आणि गरम इस्त्रीखाली शेजारच्या सुती तुकड्यापेक्षा तो तुकडा वेगळाच वागतो. तीन, कापड दुहेरी करून किनारीला किनार जुळवायची आणि घडी लोंबती धरायची. घडी पिळवटली तर ताणा-बाणा काटकोनात नाही. असं कापड कितीही नीट कापलं तरी धुतल्यावर चौकटीचा पतंग होतो.

कॅम्ब्रिक घेतलं. पॉपलिनपेक्षा पातळ, पण वीण घट्ट, आणि शिवणींचा गठ्ठा कमी होतो.

१८ सप्टेंबर : धुणं

सगळं कापड आधी धुवायचं, अपवाद नाही. नवं कॅम्ब्रिक आटतं, वीस वर्षं धुतलेली साडी आटत नाही. दोन्ही न धुता एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यात वरचा थर आखडतो आणि साडीचं जादा कापड फुगून राहतं. मीटरभर कापडावर धुण्याआधी शाईच्या खुणा केल्या होत्या: उभ्या धाग्यात १०० सेंमीचं ९६.५ झालं, आडव्यात ९८.

रंगाची चाचणी: प्रत्येक कापडाचा बोटभर तुकडा काचेच्या पेल्यात गरम पाण्यात अर्धा तास, वर पांढऱ्या सुती कापडाची चिंधी. गडद मरूनने पाणी गुलाबी केलं. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे घरोघरी सांगतात, पण ते खरं नाही. रंगारी मीठ वापरतो ते रंगवताना, धाग्यावर रंग चढावा म्हणून. तयार कापडातून सुटणारा जादा रंग मीठ धरून ठेवत नाही. उपाय एकच, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळणं. मरूनला पाच पाणी लागली. सहाव्यात चिंधी पांढरी राहिली, तेव्हाच ते कामात घेतलं.

हवा अजून दमट आहे. दोन दिवस वाळत घालावं लागलं.

२१ सप्टेंबर : भरणाचे नमुने

१५ × १५ इंचांचे तीन नमुने शिवून तीन-तीन वेळा धुतले.

पिंजलेली रुई, दोन मलमलींच्या मध्ये. दीड इंचावर टाके होते तिथे टिकली, ३ इंचांवर होते तिथे दुसऱ्याच धुण्यात गोळे झाले. रुईत सरकीचे काळे-तपकिरी कण राहिले असतील तर त्यांचं तेल सुटून पांढऱ्या मलमलीवर पिवळट ठिपके येतात, एक आलाच. कापसाच्या मुलुखात राहून रुई नाकारायला जीवावर येतं, पण रुईची गादी-दुलई न धुता उन्हात घालून पुन्हा पिंजून घ्यायची वस्तू आहे. घरी धुवायच्या पांघरुणात ती घालू नये.

जुन्या साडीचे तीन थर. टाक्यांचं अंतर कितीही ठेवा, सरकत नाहीत. ऊब बेताची. हिशोबाने ६६ × ९३ इंचांना तीन थरांचं वजन ९०० ग्रॅमच्या आसपास जातं.

पॉलिएस्टर वॅडिंग (भरणाचा तयार थर), १५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम. हलकी, ४ इंचांवर टाके चालतात, लवकर वाळते. दोष एक: तिचे तंतू विरळ विणीतून बाहेर डोकावतात आणि पांघरुणावर लव येते. नमुन्यात साडीच्या एकेरी थरातून आले, दुहेरीतून आले नाहीत.

ठरलं: १५० जीएसएम वॅडिंग आणि अस्तर साडीचं दुहेरी.

वॅडिंग घेताना छापील आकड्यावर जाऊ नये. २० × २० इंचांचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला की १५० जीएसएमचा ३९ ग्रॅम भरला पाहिजे. आणलेल्या पहिल्या तुकड्याचे ३३ भरले, म्हणजे १२८. बदलून घेतली.

२८ सप्टेंबर : मशीन

काळं सरळ टाक्याचं घरगुती मशीन, पायाच्या टेबलावर, मोटर लावलेली. या कामाला सरळ टाक्याचं मशीन उत्तम; त्याच्या पाट्याला सुईचं भोक एकच आणि बारीक असतं, त्यामुळे पट्टीचं टोक आत ओढलं जात नाही.

टाके सुटत होते, तीन-चार इंचांत एखादा. दोऱ्याचं टेन्शन बदलून फरक पडेना. कारण सुईचं. पुड्यावर डीबी×१ निघालं. ती कारखान्यातल्या मशीनची सुई, दांडा गोल आणि बारीक. घरगुती मशीनला एचए×१ लागते, दांड्याची एक बाजू सपाट. बारीक दांड्याची सुई बसते आणि शिवतेही, पण नेमक्या जागी बसत नाही आणि शटलच्या (खालचा दोरा गुंतवणाऱ्या भागाच्या) टोकाला दोऱ्याचा फास प्रत्येक वेळी सापडत नाही. सुई बसवताना लांब खोबण ज्या बाजूला असते त्याच बाजूने दोरा ओवायचा, सपाट बाजू त्याच्या विरुद्ध.

चौकटी जोडायला ११ नंबर, तिन्ही थर शिवायला १४. सुई दिवसभराच्या शिवणीनंतर बदलायची. टकटक असा आवाज यायला लागला की टोक गेलंच म्हणून समजावं.

शटल काढून ब्रशने लव झाडली, कापड सरकवणाऱ्या दातांच्या मधला पाटा उघडून तिथला दबलेला थर टाचणीने उचलला. शटलच्या कडीवर मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल किंवा खाण्याचं तेल घालू नये, उन्हाळ्यात त्याचा चिकटा होऊन मशीन जड होतं.

बॉबिन केसची (खालच्या दोऱ्याच्या डबीची) परीक्षा: दोरा धरून केस लोंबती ठेवायची. आपल्या वजनाने घसरत खाली गेली तर सैल, हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट. हिसक्याला इंच-दोन इंच उतरून थांबली की बरोबर. स्क्रू फिरवायचा तो घड्याळाच्या पाच मिनिटांइतका, एका वेळी एवढाच.

२ ऑक्टोबर : कापणी

साबुदाण्याची खळ केली: एक मोठा चमचा साबुदाणा, लिटरभर पाणी, पारदर्शक होईपर्यंत उकळून गाळून. कापड बुडवून पिळलं, ओलसर असतानाच इस्त्री. खळ दिलेलं कापड कागदासारखं कापलं जातं आणि मशीनखाली ताणत नाही. काम संपल्यावर ती धुऊन निघालीच पाहिजे, कपाटात कसर लागते ती खळीच्या कापडालाच.

४५ मिमीचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा), ६ × २४ ची अ‍ॅक्रिलिक पट्टी. चार थरांपेक्षा जास्त नाही. घडी किनारीला नेमकी समांतर नसेल तर पट्टी उलगडल्यावर मधोमध कोपर पडतो. दर चौथ्या पट्टीनंतर उलगडून बघितलं आणि टोक पुन्हा काटकोनात घेतलं. ठरावीक अंतरावर एखादा धागा कापायचा राहत असेल तर पात्याला खाच पडली आहे, जोर लावून उपयोग नाही. कापायची मॅट उन्हात किंवा गच्चीच्या खोलीत उभी ठेवायची नाही. एकदा वाकली की पूर्ण सपाट होत नाही.

गडद १३, फिक्या ११, सगळ्या पट्ट्या झाल्या. सलग चौकटी उद्या.

६ ऑक्टोबर : पाव इंच

पहिल्या सहा नऊघरी तयार. साडेनऊ इंच भरायला हव्यात, भरल्या एक सूत कमी, म्हणजे नऊ आणि तीन अष्टमांश. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारासारखंच. पाव इंच मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेर राहणारं कापड, दोन सूत.

चूक कुठे जाते ते मोजता येतं. नऊघरीत आडव्या दोन शिवणी, प्रत्येक शिवणीला दोन कडा, म्हणजे चार कडा. एका कडेला पाव सूत जास्त दाबलं गेलं की चारांचं मिळून एक सूत. आणि हे पाव सूत शिवताना नाही, घडीत जातं: शिवण एका बाजूला वळवून इस्त्री केली की दोऱ्याची आणि कापडाची जाडी त्या वळणात खर्च होते. म्हणून मार्जिन पाव इंचाला एक-दोन धागे कमी धरायचं.

सलग चौकटीत शिवण नाही, ती साडेनऊच राहते. लहान नऊघरीला मोठी सलग चौकट जोडायची तर सूतभर कापड कुठे तरी मावत नाही. तिथे चुणी पडणार किंवा कोपरा सरकणार. पुढच्या सगळ्या कामात हेच आहे: जिथे जादा कापड अडकतं तिथे दोष दिसतो, आणि ते जिथून आलं ती जागा बहुतेक वेळा तीन पायऱ्या आधीची असते.

दुरुस्ती: मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या कडेवर विश्वास ठेवणं सोडलं. मोजपट्टी सुईखाली ठेवून हाताने चाक फिरवत सुई पाव इंचाच्या रेघेला आतून चिकटेल अशी उतरवली, पट्टीच्या कडेला मशीनच्या पाट्यावर मास्किंग टेपचे सहा थर चिकटवले. कापड त्या कठड्याला लागून चालतं. परीक्षा: दीड इंचांच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करायची. मधली बरोबर १ इंच दिसली पाहिजे आणि एकूण रुंदी साडेतीन. दुसऱ्या खेपेला जमलं. सहा चौकटी उसवल्या.

टाका लहान, इंचाला १२.

७ ऑक्टोबर

इस्त्री ठेवायची आणि उचलायची, ओढायची नाही. मार्जिन नेहमी गडद कापडाकडे. असं केलं की शेजारच्या ओळींची मार्जिनं एकमेकींच्या उलट पडतात आणि जोडताना शिवणी एकमेकींना अडून बसतात. बोटाला खाच लागते. लागली नाही तर कोपरा जुळलेला नाही.

१३ ऑक्टोबर : मध्येच एक दुपटं

३० × ३६ इंच, बाळासाठी. भरण नाही, मऊ झालेल्या सुती साडीचे चार थर, सगळं हाताने. वर बटण, टिकली, मणी काही नाही. गाठी थरांच्या आत ओढून घेतलेल्या.

हे जुन्या पद्धतीने, बाहेरून आत. चारी कडा आधी आत दुमडून बंद करायच्या, मग कडेपासून अर्ध्या इंचावर धावदोऱ्याचा पहिला फेरा, त्याच्या आत दुसरा, असं फिरत फिरत मध्याला यायचं. मशीनवर क्विल्ट शिवताना बरोबर उलटं सांगतात: मधून सुरू करा, बाहेर जा, कडा शेवटी. दोन्ही बरोबर आहेत, आणि का ते समजून घेतलं तर पुष्कळ चुका टळतात.

मशीनचा पाय वरचा थर दाबतो आणि पुढे ढकलतो, खालचे दात खालचा थर मागे खेचतात. प्रत्येक ओळीत वरचा थर थोडा थोडा पुढे साचतो. त्याला बाहेर पडायला उघडी कड लागते, म्हणून मधून बाहेर. हाताची सुई कुठलाच थर ढकलत नाही. तीन-चार टाके एकदम घेऊन दोरा ओढला की सगळे थर सारखेच आकसतात. तिथे साचत काही नाही. उलट कड मोकळी असेल तर चार सुटे थर हाताळताना एकमेकांवरून घसरतात, म्हणून कड आधी बांधून टाकतात. मधला भाग शेवटी येतो तेव्हा किंचित फुगीर असतो आणि जवळच्या टाक्यांत तो मुरतो. गोधडीला जो सुरकुतलेला, लाटालाटांचा पोत असतो तो याच मुरण्याचा.

गोधडी मशीनवर बाहेरून आत शिवली तर मध्यावर हमखास घडी बसते. बाजारात विकायला येणाऱ्या पुष्कळ गोधड्यांत ती दिसते.

२० ऑक्टोबर

ओळी जोडल्या. ९ ओळी, ६ चौकटी. सम ओळींची मार्जिनं डावीकडे, विषम ओळींची उजवीकडे. प्रत्येक शिवणीच्या दोन्ही बाजूंना टाचणी, आणि टाचणीवरून मशीन न्यायचं नाही, आधी काढायची.

९ नोव्हेंबर : कडेची पट्टी

दिवाळीच्या दिवसांत काम बंद होतं.

जोडलेला भाग ५४½ × ८१½ भरायला हवा. डावी कड ८१¾, उजवी ८१⅝, मध्यातून ८१¼. कडा नेहमी जास्त भरतात, कारण हाताळताना त्याच ताणल्या जातात. कडेला पट्टी लावून उरलेली कापायची असं केलं तर पट्टी ताणलेल्या मापाची होते आणि पांघरुणाची कड झालरीसारखी लहरते. म्हणून दोन्ही उभ्या पट्ट्या मध्याच्या मापाने, ८१¼ कापल्या. पट्टीचा आणि कडेचा मध्य, चतुर्थांश आणि टोकं टाचणीने जुळवून, जादा अर्ध्या इंचापर्यंतचं कापड सगळ्या लांबीत वाटून शिवलं. शिवताना लांब थर खाली ठेवायचा. दात तो ओढून घेतात.

आडव्या पट्ट्या उभ्या लागल्यानंतर, पुन्हा मध्यातून मोजून. शिवणींसकट ६०¼ × ८७¼.

१० नोव्हेंबर : अस्तर

दोन सुती साड्या. आधी फॉल उसवला. मग उजेडासमोर धरून पाहिलं, दोन मुठींत धरून हिसका दिला. साडी सारखी झिजत नाही: निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदर सगळ्यांत शाबूत. एका साडीत हातभर भाग चर्रकन फाटला, त्याऐवजी जुन्या पेटीतलं एम्प्रेस मिलचं पांढरं कापड जोडलं. १८७७ साली सुरू झालेली ही गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली, पण त्या कापडाची वीण अजून घट्ट आहे.

अस्तर वरच्या थरापेक्षा सगळीकडून ४ इंच जास्त: ६८ × ९५. साडेपाच मीटरच्या साडीतून ९५ इंचांचे दोन तुकडे निघतात. एक ४५ इंच रुंद, दुसरा २४, अर्धा इंच मार्जिन धरून ६८. जोड मध्यावर आणायचा नाही, तिथे मशीनची पहिली ओळ येते. दोन साड्यांचे जोड एक डावीकडे, एक उजवीकडे. जोडाचं मार्जिन दोन्हीकडे उघडून इस्त्री.

साडी निसटती असते. दोन्हींना खळ दिली आणि ८ इंचांवर कच्चे टाके घालून दोघींचा एक थर केला. हे न करता दोन सुटे थर मशीनखाली घातले तर मधला थर कुठे गोळा होतो ते दिसतही नाही.

१६ नोव्हेंबर : थर लावणं

फरशी पुसून कोरडी. अस्तर उलटं पसरलं, सुलट बाजू खाली. कडा मास्किंग टेपने फरशीला चिकटवल्या: आधी चार बाजूंचे मध्य, मग कोपरे. ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलेलं अस्तर टेप काढली की आखडतं आणि वर सगळीकडे चुण्या. वॅडिंग आदल्या दिवशीच उलगडून ठेवली होती, घड्या आपोआप बसल्या. हाताने मधून बाहेर सारखी केली, ओढली नाही. मग वरचा थर.

सेफ्टी पिना ४ इंचांवर, म्हणजे मुठीएवढं अंतर. हिशोब सव्वातीनशेचा, ३१० पुरल्या. मशीनची ओळ जिथे येणार ती शिवण सोडून. मधून सुरुवात. पिना गंज न धरणाऱ्या हव्यात. पावसाळ्यात लोखंडी पिना महिनाभर राहिल्या तर तपकिरी ठिपका जात नाही.

२२ नोव्हेंबर : मशीनच्या ओळी

वॉकिंग फूट लावला. या मशीनला आखूड दांड्याचा बसतो: पाय खाली असताना स्क्रूपासून पाट्यापर्यंत पाऊण इंच. त्याचा काटा सुईच्या स्क्रूवर बसलाच पाहिजे, नाही तर तो साधा जाड पाय होतो आणि काहीच करत नाही. सुई वर गेली की याचे वरचे दात खालच्या दातांबरोबर कापड मागे नेतात, त्यामुळे वरचा थर पुढे साचत नाही. उलटी शिलाई याने करायची नाही. टाका मोठा, इंचाला ८.

मशीनच्या पोटात जागा जेमतेम सात इंच. अर्धं पांघरूण गुंडाळून त्यातून जातं. टेबलाच्या डावीकडे आणि मागे खुर्च्या लावल्या. वजन लोंबलं की कापड सुईला आडवं ओढलं जातं आणि टाका लहान-मोठा होतो.

आधी मधली उभी शिवण, मग मधल्यापैकी एक आडवी. चार भाग झाले. त्यानंतर उजवीकडच्या उभ्या, पांघरूण फिरवून डावीकडच्या.

खालच्या बाजूला दोऱ्याच्या झिपऱ्या दिसल्या. दोष खाली दिसला की कारण वरच्या दोऱ्यात शोधायचं. पाय खाली असताना दोरा ओवला होता, तेव्हा टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये जातच नाही. पाय वर करून पुन्हा ओवला, झिपऱ्या बंद.

२३ नोव्हेंबर

आडव्या ओळी. तिसऱ्या ओळीत उभ्या ओळीला छेदताना अस्तरावर सूतभर चुणी. अशी चुणी तशीच सोडू नये, धुतल्यावर ती घडी होते. दोन्ही बाजूंना ३-३ इंच उसवलं, तिथली पिन सैल निघाली; थर लावतानाच तो चौकोन फुगला होता. जादा कापड ३ इंचांत पसरवून, दोन्ही हातांनी ताठ धरून पुन्हा शिवलं.

एकूण ७ उभ्या, १० आडव्या, साधारण ३१ मीटर शिवण. एक भरलेली बॉबिन आणि दुसरीतली थोडी.

३० नोव्हेंबर : हाताचे टाके

९ इंचांचा मोकळा चौकोन या वॅडिंगला फार मोठा. सलग चौकटीत शिवणीपासून दीड इंच आत ६ इंचांचा चौकोन, त्यात ३ इंचांचा. एका चौकटीला ३६ इंच, म्हणजे नेमका एक वार शिवण. नऊघरीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली, गडद पाच घरांतून, साडेपंचवीस इंच.

जाड सुती दोरा, मेणावरून एकदा ओढलेला. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, जास्त नाही. लांब दोरा कापडातून इतक्या वेळा जातो की शेवटचा वीतभर विरतो. सुई आखूड. लांब सुईने टाके भराभर होतात पण मागच्या बाजूला लहान-मोठे पडतात. मधल्या बोटाला अंगुस्तान, कापडाखालच्या हाताचं बोट सुईचं टोक लागेपर्यंत वर दाबून ठेवायचं. टोक लागलं म्हणजे अस्तर घेतलं. इंचाला पाच टाके पुरे. टाक्यांची बारीकी दिसत नाही, सारखेपणा दिसतो.

वेळ: सलग चौकट २५ मिनिटं, फुली १८.

१४ डिसेंबर

दोरा संपला. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बर्डीकडचे (सीताबर्डी बाजाराकडचे) रस्ते बंद, इतवारीतून आणला. नवा गुंडा जुन्यापेक्षा किंचित पिवळसर. सगळं मागवताना एकाच लॉटचा दोरा घ्यायला हवा होता, ४६ वारांना लागतो तेवढा. नवा दोरा एका बाजूला न वापरता विखरून वापरला, तीन ठिकाणी.

कोरड्या हवेत वॅडिंगचे कापलेले काठ बोटांना आणि दोऱ्याला चिकटतात. ओल्या फडक्याने हात पुसून बसायचं.

२१ डिसेंबर : गोट

टाके पूर्ण. कडा सरळ केल्या: आता ५९¼ × ८६. टाक्यांनी एवढं आत घेणारच.

गोटाच्या पट्ट्या अडीच इंच, आठ, टोकं तिरपी जोडून ३१८ इंच. लागणार ३०३. पांघरुणाची कड सरळ असल्यामुळे उरेब पट्टीची गरज नाही, आडव्या धाग्यातली चालते. पट्टी उभी दुमडून इस्त्री, उघड्या कडा पांघरुणाच्या कडेला, वॉकिंग फूटनेच पाव इंचावर.

कोपरा: कडेच्या पाव इंच आधी थांबायचं, टाका पक्का, दोरा तोडायचा. पट्टी सरळ वर वळवायची, म्हणजे तिरपी घडी पडते, मग खाली आणायची, वरची घडी कडेशी जुळलेली. पुन्हा अगदी कडेपासून सुरू. पाव इंच न सोडता शेवटपर्यंत शिवलं तर कोपरा उलटत नाही, गोळा राहतो. मागच्या बाजूने गोट हाताने, चोरटाक्याने, मशीनची रेघ झाकेल असा.

२८ डिसेंबर : पहिलं धुणं

थंड पाणी, सौम्य पावडर, दोनदा खळबळणं, खळ निघून गेली. सोबत पांढरी चिंधी टाकली होती, पांढरीच निघाली. पिळलं नाही, टब तिरका करून निथळू दिलं. ओलं असताना दोरीवर एका घडीवर टाकायचं नाही, वजनाने हाताचे टाके तुटतात. गच्चीत चादर पसरून तिच्यावर आडवं, अस्तर वर.

दुपारपर्यंत वाळलं. माप ५८¾ × ८५¼. नऊघरी आणि सलग चौकटी सारख्याच आटल्या, कडा सपाट. चुणी उसवून शिवलेल्या जागी अस्तरावर बारीक लाट आहे, हाताला लागते, डोळ्याला नाही. एम्प्रेस मिलच्या तुकड्याभोवती साडी थोडी गोळा झाली आहे. दोन्ही विणी वेगळ्या, तिथे अजून एक धावदोरा हवा. दोरा सुईत ओवून ठेवला आहे.